मदत हवी आहे: जुन्या वाड्याचे फोटो फिल्मवर काढावेत की डिजिटलवर?

मंडळी नमस्कार,

वाईतला आजोळचा वाडा दिवाळीनंतर पाडायला घेणार आहेत. त्याआधी सगळ्या घराचे नीट फोटो काढायचं काम मामाने माझ्या गळ्यात घातलंय. त्यातले निवडक १६ बाय २४ इंचाला प्रिंट करून नातेवाइकांना द्यायचे आहेत.

हाताशी दोन कॅमेरे आहेत. मामाचा पेंटॅक्स के१०००, ५० एमएम लेन्ससकट. सगळा मेकॅनिकल, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. दुसरा माझा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि १८-५५ किट लेन्स.

अडचण उजेडाची आहे. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि दारातून दिसणारा चौक उन्हाने भाजत असतो. डिजिटलवर माजघराचं एक्स्पोजर धरलं की चौक पांढराफट्ट. रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाईलमध्ये हायलाइट, म्हणजे उजळ भाग, कितीही खाली ओढले तरी फरशीचा एक सांधा परत येत नाही. कलर निगेटिव्ह हायलाइट चांगले सांभाळते असं ऐकलं होतं, म्हणून कोडॅक गोल्ड २०० घालून तीच फ्रेम घेतली. चौक टिकला, अगदी तुळशीवृंदावनाच्या चुन्याचे पोपडेसुद्धा! पण माजघरातले खांब, कडीपाट सगळं हिरवट-राखाडी आणि दाणेदार.

हा दोष फिल्मचा की लॅबच्या स्कॅनचा? आणि एवढ्या मोठ्या प्रिंटला कोण पुरेल? ‘फिल्मची मजाच वेगळी’ छाप प्रतिसाद कृपया नकोत, ती मजा मला मान्य आहे.

प्रतिसाद

स्कॅन बघून फिल्मला नावं ठेवू नका. लॅबचा नेहमीचा स्वस्त स्कॅन १८०० बाय १२०० पिक्सेलच्या आसपास असतो, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ६ बाय ४ इंच. तुमच्या डीएसएलआरचे ६००० बाय ४००० पिक्सेल १६ बाय २४ ला २५० डीपीआय देतात. तेवढं पुष्कळ झालं.

निगेटिव्ह परत घेतलीत ना? मोबाईलवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, निगेटिव्ह त्याच्या जरा वर धरा आणि भिंगातून पाहा. आधी कडेची अक्षरं आणि फ्रेमचे नंबर बघा. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, त्यामुळे ठळक दिसले तर डेव्हलपिंग ठीक आहे. मग माजघराचा भाग. तिथे खांबांच्या रेषा असतील तर स्कॅन वाईट. नुसती कोरी नारिंगी फिल्म असेल तर कुठलाही स्कॅनर तिथून काही काढू शकत नाही.

धागाकर्ता

पाहिलं. अक्षरं ठळक आहेत, माजघर जवळपास कोरं.

दुसरा प्रतिसाद

म्हणजे एक्स्पोजर कमी पडलं. के१००० चं मीटर पूर्ण फ्रेमची सरासरी काढतं, दारातल्या उन्हाने ते फसलं. निगेटिव्हला एक्स्पोजर सावलीवर धरायचं, डिजिटलला उजेडावर. फिल्म वापरणार असाल तर आत शिरून फक्त अंधाऱ्या भिंतीवर मीटर करा आणि त्याहून एकच स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) द्या.

पण मी तुमच्या जागी असतो तर आतलं सगळं डिजिटलवर घेतलं असतं, तेही लेन्समुळे. तुमचं १८ एमएम क्रॉप सेन्सरवर फुल फ्रेमच्या २७-२८ एवढं रुंद दिसतं. ५० एमएम घेऊन माजघरात उभे राहिलात तर एक कोपरा मिळेल. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ट्रायपॉड, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन ब्रॅकेट (त्याच फ्रेमचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो) आणि नंतर जोडणी. खांब काही पळून जात नाहीत. फिल्मला लांब एक्स्पोजरमध्ये रेसिप्रॉसिटीचा (वेळ लांबला की फिल्मची संवेदनशीलता घटते, त्याचा) हिशेबही करावा लागतो: एचपी५ या कृष्णधवल फिल्मवर मीटर १० सेकंद म्हणालं तर सुमारे २० द्यावे लागतात. शिवाय रोल आयएसओ २०० चा घातला की ३६ फोटो २०० लाच, मग माजघर असो की गच्ची.

के१००० ओटीवरच्या माणसांसाठी ठेवा. तिथला पसरट उजेड आणि ५० एमएम यांचं छान जमतं. मात्र मोठ्या प्रिंटसाठी त्या निवडक फ्रेम चांगल्या रिझोल्यूशनला पुन्हा स्कॅन करून घ्या, टिफ फाईलमध्ये.

धागाकर्ता

खूप आभार, ट्रायपॉडची सोय होतेय. एकच उरलं: माडीचा जिना इतका अरुंद आहे की ट्रायपॉडचे पायच उघडत नाहीत, आणि तिथे उजेड फक्त वरच्या झरोक्याचा. तिथे काय करावं?