उंच टाकीत पहिल्यांदा मासे सोडायचे आहेत, कोणते घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मावशीने घर बदलताना तिची माशांची टाकी मला दिली. लांबी ४० सेंमी, रुंदी ३५ सेंमी आणि उंची ६० सेंमी. हिशेबाने ८४ लिटर होतात, पण तळाला पाच सेंमी वाळू आणि वर तेवढीच मोकळी जागा सोडली की पाणी ७० लिटरच मावतं. कोपऱ्यात उभी राहिली की फार देखणी दिसते. मात्र ती साफ करायला मी हात घातला तर खांद्यापर्यंत बाही भिजली आणि बोटं तरी तळाला टेकली नाहीत.

मासे पाळायचा माझा आधीचा अनुभव वाईट आहे, म्हणूनच आधी विचारतेय. दोन वर्षांपूर्वी छोट्या टाकीत सहा गप्पी आणले. सकाळी टाकी भरली, संध्याकाळी मासे सोडले. विकणाऱ्याने काही सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. चौथ्या दिवशी सगळे वर येऊन धापा टाकत होते, कल्ले लाल झाले होते. आठवडाभरात एकही राहिला नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, त्यामुळे ते विषारी झालंय अशी शंकाही आली नाही. नंतर वाचल्यावर अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष, हा शब्द पहिल्यांदा कळला. अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

या वेळी पाण्याचं टेस्ट किट आधी आणलंय. मावशीचा स्पंज फिल्टर, हवेचा पंप आणि हीटर आहे. मागे लावायला व्हॅलिसनेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती आहे. डोक्यात यादी अशी : एंजेलची जोडी, दहा निऑन टेट्रा, तळाला सहा कॉरी आणि काच साफ ठेवायला एक सकर. एंजेल तर लहानपणापासून हवेत. उंच टाकी त्यांच्यासाठीच असते ना? यातलं काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १

आधी विचारलंत हे फार बरं केलंत. यादी मात्र बरीच बदलावी लागेल.

उंच टाकीत लिटर जास्त दिसतात, पण माशांना उपयोगाची जागा तेवढी नसते. बहुतेक मासे आडवे पोहतात, वर-खाली नाही. शिवाय पाण्यात प्राणवायू शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. तुमचा पृष्ठभाग ४० गुणिले ३५, म्हणजे १४०० चौरस सेंमी. हीच टाकी ६० सेंमीच्या बाजूवर आडवी असती तर तो २१०० झाला असता. पाणी तेवढंच, पण पृष्ठभाग दीडपट. म्हणून मासे ठरवताना लिटर बाजूला ठेवा आणि तळ आणि पृष्ठभाग बघा.

एंजेलला उंची लागते हे तुमचं बरोबर आहे. पण विकायला असतात ती नाण्याएवढी पिल्लं. पूर्ण वाढलेला एंजेल १५ सेंमी लांब होतो आणि पर धरून उंचीला २० सेंमीच्याही वर जातो. ४० सेंमी लांबीत त्याला वळायलाच जेमतेम जागा. दोघं वयात आले की हद्दीवरून मारामाऱ्या सुरू होतात आणि हरलेल्याला पळायला कोपरा नसतो. आणि निऑन त्याच्या तोंडात मावतात, रात्रीतून एकेक कमी होत जातो. तुमची ओढ समजते, पण एंजेल मोठ्या टाकीसाठी राखून ठेवा.

सकर म्हणून विकतात तो साधा प्लेको ४० सेंमीपर्यंत वाढू शकतो, म्हणजे तुमच्या टाकीच्या लांबीएवढा! तो नकोच.

माझी निवड : वरच्या थरात तीन हनी गुरामी, एक नर आणि दोन माद्या. पाच सेंमीचा शांत मासा, संथ पोहतो आणि पुढचे लांब तंतू लावून प्रत्येक पान चाचपून बघतो. मधल्या थरात दहा एम्बर टेट्रा. जेमतेम दोन सेंमीचे, नारिंगी, त्यांना ४० सेंमी पुरतात. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, म्हणून झाकण ठेवा आणि पाण्याच्या वर थोडी हवा राहू द्या.

प्रतिसाद २

वरच्या निवडीशी सहमत. कॉरीबद्दल थोडं सांगते. तेही अधूनमधून वर झेप घेऊन हवेचा घोट घेतात. साठ सेंमीच्या टाकीत त्या छोट्या जिवाला दर वेळी तळापासून वर आणि परत खाली, अशी खेप पडते. त्यातून त्यांना सहाच्या टोळीत राहायला आवडतं आणि तुमचा तळ लहान आहे. त्यांच्याऐवजी दोन-तीन नेराइट गोगलगायी ठेवा. काचेवरचं शेवाळ खातात आणि गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे संख्या आटोक्यात राहते. त्याही टाकी थोडी जुनी झाली, काचेवर हिरवट थर धरला की मगच.

हीटर तळाशी आडवा लावा. उंच टाकीत गरम पाणी वर साचतं आणि खाली गार राहतं. स्पंज फिल्टर अगदी तळाला ठेवा, म्हणजे बुडबुडे खालचं पाणी वर ओढून नेतील. आणि एक विचारायचं होतं, मावशींच्या टाकीतला स्पंज धुतलाय का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एंजेलचं वाचून मन खट्टू झालं, पण नाण्याएवढं पिल्लू आणून त्याला पुढे अडकवून ठेवणं मला जमणार नाही. गुरामी आणि एम्बर पक्के.

स्पंज मी नळाखाली स्वच्छ धुऊन उन्हात वाळवला! चुकलं का?

तापमानाचं लगेच करून पाहिलं. पंप बंद ठेवून वर थर्मामीटर धरला तर २७ अंश, दोरीने तळाला सोडला तर २४. हीटर वरच्या बाजूला उभा होता. आता आडवा करून खाली लावलाय.

प्रतिसाद २

स्पंज चुकलाच, पण भरून निघेल. अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. वाळवल्यावर ते मेले, म्हणजे तुमची टाकी नव्यासारखीच झाली. कुणाच्या निरोगी, चालू टाकीतला स्पंजाचा तुकडा ओला असतानाच मिळाला तर काम लवकर होईल. पुढे कधीही स्पंज धुताना टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

नळाचं पाणी असेल तर क्लोरिन घालवणारं औषध टाका. मग मासे न सोडता, जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचे थेंब टाकून पातळी २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) आणा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले की टाकी तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शेवटी बरंचसं पाणी बदला. आधी एम्बर सोडा, गुरामी दोन-तीन आठवड्यांनी.

धागाकर्ती

आज पहिले थेंब टाकले. अमोनियाची नळी पिवळ्याची हिरवी झाली. दोन वर्षांपूर्वी हा रंग दिसला असता तर ते गप्पी वाचले असते. रोजचे आकडे वहीत लिहून ठेवतेय, नायट्राइट दिसायला लागलं की इथेच कळवते.