दंडावरचा विंचू भरतीआधी निघेल का?

सोळाशे_मीटर
नमस्कार. मी पाटण तालुक्यातला, वय १९. अग्निवीर आणि एसएससी जीडी (केंद्राच्या निमलष्करी दलांची शिपाई भरती), दोन्हीची तयारी चालू आहे. सोळाशे मीटर ५ मिनिटं २५ सेकंदांत बसतंय, त्याची काळजी नाही. काळजी अंगावरच्या चित्रांची आहे.

उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, ‘आई’ लिहिलंय. नववीत असताना पालीच्या खंडोबाच्या यात्रेत मशीनवाल्याकडनं गोंदलं, ५० रुपयांत. दुसरा, डाव्या दंडावर विंचू. हा कराडला दुकानात काढला, गेल्या वर्षी. काळा आहे, पण नांगी आणि डोळे हिरवे. तेव्हा लई भारी वाटला होता.

आता अॅकॅडमीतली पोरं म्हणतात दोन्ही काढावे लागतील. लेझरला किती बैठका, किती दिवस, डाग राहतो का? गावात एकजण चुना आणि धुण्याचा सोडा लावून तीन दिवसांत काढून देतो म्हणे. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कोथरूडची_मी
आधी ते चुन्याचं डोक्यातून काढ. त्यात शाई निघत नाही, कातडी जळते. आणि तिथे भाजल्याचा व्रण राहील तो वेगळाच.

माझ्या मनगटावर एक नाव होतं. कुणाचं ते विचारू नका. स्वस्त पडतं म्हणून आधी एका पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने केस काढायचं मशीन फिरवलं, तेही ‘लेझरच आहे मॅडम’ म्हणत. दुसऱ्या दिवशी चौकोनी फोड. नाव तसंच, वर भाजल्याचा चौकोन. मग शहाणी होऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. सात बैठका, चौदा महिने. माझ्याकडून बैठकीचे २,५०० घेतले. तुझा विंचू मोठा असेल तर जास्त सांगतील, आकारावर असतं.

दुखतं. पुऱ्या तळताना तेल उडतं ना, ते एकाच जागी सलग उडत राहिलं तर जसं होईल तसं. बधिर करायचं मलम तासभर आधी लावतात, पण ते निम्मंच काम करतं. लेझर पडल्या पडल्या अक्षरं पांढरीफटक दिसतात, मला वाटलं गेलं! दहा-पंधरा मिनिटांत परत काळी. त्या दिवशी रिक्षात रडले होते, दुखलं म्हणून नाही.

आता नाव वाचता येत नाही. उन्हात तिरकं धरलं की फिकट सावली दिसते, ती फक्त मला.

त्वचेचा_डॉक्टर
सांगलीत प्रॅक्टिस करतो. ताईंनी सांगितलं त्यात थोडी भर.

लेझर शाई जाळत नाही, फोडतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावा इतका छोटा झटका असतो, त्याने शाईच्या कणांचा चुरा होतो आणि शरीरातल्या पेशी तो हळूहळू वाहून नेतात. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. घाई केली तर शाई लवकर जात नाही, व्रण मात्र लवकर येतो. केस काढायच्या मशीनचा झटका याहून कितीतरी लांब, त्याने कातडीच भाजते.

यात्रेतल्या गोंदणात शाई कमी आणि बहुधा काळीच असते, ती तुलनेने लवकर जाते. दुकानातली शाई दाट. काळ्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा (ही प्रकाशाची तरंगलांबी) क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर वापरतात. आपल्या सावळ्या कातडीला तोच त्यातल्या त्यात सुरक्षित. हिरवा त्याला दाद देत नाही. त्यासाठी ७५५चा अलेक्झांड्राइट किंवा पिको (आणखी छोट्या झटक्याचा लेझर) लागतो, आणि तो सगळीकडे नसतो. जायच्या आधी फोनवर हेच विचार: ‘हिरव्यासाठी काय आहे तुमच्याकडे?’

आधी छोट्या भागावर चाचणी करून घे. घरात कुणाला जखमेवर गाठीसारखा व्रण वाढण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांग. फोड आला तर फोडायचा नाही. आणि तू मैदानावर रोज उन्हात असणार, दंड झाकूनच पळ. रापलेल्या कातडीवर लेझर मारला की पांढरे चट्टे पडतात. नांगी झाकायला कातडीच्या रंगाची शाई भरून घेऊ नकोस. ती लेझरने उलट काळी पडू शकते.

निवृत्त_सुभेदार
पोरा, सगळे काढायचं कसं ते सांगतायत. काय काढायचं ते कुणी विचारलंच नाही.

सैन्यात हाताची आतली बाजू, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताची मागची बाजू, इथला टॅटू चालतो, मजकूर वावगा नसला म्हणजे झालं. आदिवासी पोरांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत असते. म्हणजे तुझी ‘आई’ अग्निवीरला चालते. दंडावरचा विंचू नाही चालत.

एसएससी जीडीचं वेगळं. तिथे नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण हाताच्या आतल्या बाजूला असेल तर फक्त डाव्या, कारण सलाम उजव्याने करतात. आकारही त्या भागाच्या पावपटीहून कमी हवा. तुझी ‘आई’ उजवीकडे, म्हणजे तिथे अडणार. ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाच, अॅकॅडमीतल्या पोरांवर जाऊ नकोस.

सोळाशे_मीटर
सुभेदार साहेब, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आता ठरवलं, विंचवापासून सुरुवात. हिशोब केला, आठ बैठका धरल्या तरी वर्ष जातंय, म्हणजे यंदाच्या भरतीत धरून उपयोग नाही. एसएससीचं नंतर बघतो.

काल रात्री आईला सांगितलं. विंचवाचं ऐकून काही बोलली नाही, पैशाचं ऐकून बोलली. मग तिने स्वतःच्या हातावरचं तुळशीचं गोंदण पुढं केलं आणि विचारलं, याचे किती घेतील?

डॉक्टर, हिरव्याचं मशीन सांगलीत आहे का? पाटणहून पहाटेची एसटी धरली तर त्याच दिवशी परत येता येईल ना? दुसऱ्या दिवशी सकाळी पळायचंय.