मदत हवी आहे: आंतरशालेय प्रश्नमंजुषेचे प्रश्न तपासून हवेत (इ. ७ वी-८ वी, परळ)

परळच्या_बाई

नमस्कार मंडळी. परळ, लालबाग, शिवडी भागातल्या मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांसाठी आमच्या शाळेत सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा घ्यायची आहे. एका शाळेचे तीन विद्यार्थी, अंदाजे २४ शाळा, आणि सगळं सकाळच्या सत्रात उरकायचं. प्रश्नसंच माझ्याकडे आहे. नमुन्याचे आठ प्रश्न देते. कुठे वाद होऊ शकतो ते सांगा. फेऱ्या कशा ठेवाव्यात हेही सुचवा. शाळेत बझर नाही.

१) भारतात पहिली रेल्वे कधी धावली? – १६ एप्रिल १८५३
२) मुंबईत जागतिक वारसास्थळं किती? – ३
३) भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? – हॉकी
४) सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला? – गुरू
५) भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी किती? – ७५१६ किमी
६) राजा पंचम जॉर्ज मुंबईत कोणत्या कमानीतून आले? – गेटवे ऑफ इंडिया
७) पहिला भारतीय चित्रपट कोणता? – राजा हरिश्चंद्र
८) ऑलिंपिक पदक मिळवणारा पहिला भारतीय कोण? – खाशाबा जाधव

चिंचपोकळीकर

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. आठपैकी एकही प्रश्न आहे तसा ठेवण्याजोगा नाही. काहींची उत्तरं चुकली आहेत, बाकीच्यांचे शब्द सैल आहेत. सैल शब्द जास्त घातक, कारण तिथे अभ्यासू मुलाचंच नुकसान होतं. त्याला दुसरं उत्तरही माहीत असतं आणि तो घुटमळतो.

तिसरा प्रश्न थेट काढून टाका. भारताने कोणताही खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, हे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलेलं आहे. जुन्या गाइडांमधून हॉकी अजून निघालेली नाही, एवढंच.

पहिल्या प्रश्नात ‘प्रवासी’ हा शब्द हवाच. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहणारी गाडी होती, आणि रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये माती वाहणारी. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी. शिवाय तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, त्यामुळे कस लागत नाही. असं विचारून बघा: ‘३४ किलोमीटरच्या त्या प्रवासात १४ डब्यांना किती इंजिनं जोडली होती?’ उत्तर ३. साहिब, सिंध आणि सुलतान ही नावं उत्तरानंतर क्विझमास्तरांनी सांगावीत, मुलं विसरत नाहीत.

आठव्यात खाशाबांचा मान कमी न करता शब्द नीट बसवा. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं मिळवली, आणि ऑलिंपिक समितीच्या नोंदीत ती भारताच्या नावावर आहेत. १९२८ पासून हॉकी संघाची सुवर्णपदकंही आहेत. म्हणून ‘स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक’ अशी रचना हवी: १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्य. कराडजवळच्या गोळेश्वरचा उल्लेख सुरुवातीलाच केलात तर प्रश्न ऐकताना मुलं विचार करू लागतात.

सातव्यात तीच गत. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये दाखवला गेला. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण असल्याने त्याला पहिला मानायचं की नाही यावर अजून वाद आहे. ‘पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट’ म्हटलंत की ‘राजा हरिश्चंद्र’ (३ मे १९१३) हे एकच उत्तर उरतं. थिएटर दोघांचं एकच आहे, जोडप्रश्न करायचा असेल तर हा धागा सुंदर आहे.

वारसाप्रेमी_दादर

दुसऱ्या आणि सहाव्याबद्दल.

घारापुरीची लेणी ‘मुंबईत’ धरली तरच तीन होतात. बेटावर जायला बोट गेटवेहून सुटते हे खरं, पण बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. हद्द काटेकोर धरली तर दोन: सीएसएमटी (२००४) आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको शैलींतल्या इमारतींचा समूह (२०१८). म्हणजे ‘दोन’ म्हणणाराही बरोबर आणि ‘तीन’ म्हणणाराही चूक नाही. त्यापेक्षा ही गुंतागुंतच प्रश्नात आणा: ‘गेटवेहून बोटीने जाता येणाऱ्या, पण रायगड जिल्ह्यात मोडणाऱ्या कोणत्या बेटावरच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला?’ घारापुरी आणि एलिफंटा, दोन्ही उत्तरं ग्राह्य.

सहावा प्रश्न पूर्ण चुकीचा आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले तेव्हा कमान नव्हतीच. वास्तू खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. त्यांनी पाहिली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. इंग्रज आले तिथून मात्र गेले हे खरं: ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवेमधून बाहेर पडली. तो प्रश्न घ्या.

चित्रफेरी ठेवणार असाल तर एक नमुना: सीएसएमटी आणि समोरचं महापालिका मुख्यालय असे दोन फोटो शेजारी शेजारी, आणि प्रश्न ‘दोन्हींचा वास्तुरचनाकार कोण?’ उत्तर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. पाटी किंवा फलक दिसत असेल तो भाग कापून टाका. आपल्याकडच्या शाळांच्या हॉलमध्ये दिवसा उजेड इतका असतो की प्रोजेक्टरवर गडद दगडी इमारत नुसता काळा ठिपका दिसते. प्रत्येक फोटोच्या ए-थ्री आकाराच्या छापील प्रती टेबलागणिक एक, अशा तयार ठेवा.

खगोलछंदी

४ आणि ५ हे ‘तारखेचे’ प्रश्न आहेत, म्हणजे उत्तर काळानुसार बदलतं. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि त्याची संख्या २७४ झाली, गुरू फारच मागे पडला. किनाऱ्याची लांबी जुन्या मोजणीत ७५१६.६ किमी होती, नव्या मोजणीत ११,०९८.८१ किमी. किनारा काही वाढलेला नाही. आधीपेक्षा बारीक प्रमाणाच्या नकाशावर मोजल्यामुळे खाड्या, वळणं, आत शिरलेले भाग हिशोबात आले.

परळच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका: मुलांच्या पुस्तकात जुना आकडा असेल आणि त्याने तोच सांगितला, तर गुण नाकारायचे का? त्याने तर अभ्यास केलेला असतो.

खगोलछंदी

नाकारू नये, आणि दोन आकड्यांना गुण द्यायची वेळही येऊ देऊ नये. विचारायचं ते दोन्ही मोजण्यांत टिकणारं: ‘सर्वांत लांब समुद्रकिनारा कोणत्या राज्याला?’ आधीही गुजरात, आताही गुजरात. चंद्रांच्या जागी ‘सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र कोणता आणि तो कोणत्या ग्रहाचा?’ गॅनिमीड, गुरू. ‘सध्या’, ‘आजवर’, ‘सर्वाधिक’ हे शब्द संचात जिथे असतील तिथे लाल खूण करा आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात फक्त तेवढे प्रश्न पुन्हा तपासा. जिल्ह्यांची नावंही त्यातच येतात. अहमदनगर म्हणणाऱ्या मुलालाही अहिल्यानगरचे गुण द्या, पण ते आधीच कागदावर लिहून ठेवा.

चिंचपोकळीकर

हा कागद फार महत्त्वाचा. उत्तरपत्रिकेत तीन रकाने करा: उत्तर, ग्राह्य पर्याय, अग्राह्य. कुसुमाग्रज विचारलं तर वि. वा. शिरवाडकर ग्राह्य, नुसतं ‘शिरवाडकर’ ग्राह्य की नाही ते आधी ठरवा. सेमी-इंग्रजीची मुलं विज्ञानात इंग्रजी नावं सांगतात. ‘खोलीच्या तापमानाला द्रवरूप असलेला धातू’ याला मर्क्युरी म्हणतील, आणि बुध ग्रहालाही मर्क्युरीच म्हणतील. दोन्हीकडे गुण द्यायचे. गुण लिहिणाऱ्या बाईंना ऐन वेळी विचार करावा लागला की वेळ जातो आणि मागे बसलेल्या शाळेला पक्षपात वाटतो.

क्विझमास्टर_माहीम

रचनेबद्दल. २४ संघ मंचावर बसवणं शक्य नाही. आधी लेखी चाळणी: २५ प्रश्न, २० मिनिटं, संघाला एकच कागद. पाच प्रश्नांवर चांदणी छापा. अंतिम फेरीच्या सहाव्या, म्हणजे शेवटच्या, जागेसाठी गुण समान झाले तर चांदणीवाले प्रश्न ज्यांचे जास्त बरोबर ते पुढे. तिथेही बरोबरी असेल तर पहिल्या प्रश्नापासून सलग किती बरोबर ते बघा. हे नियम कागदाच्या डोक्यावरच छापा, म्हणजे निकालानंतर कोणी भांडत नाही. चार शिक्षक बसले तर २४ कागद पंधरा मिनिटांत तपासून होतात.

अंतिम फेरीला सहा संघ. प्रत्येक फेरीतली प्रश्नसंख्या सहाच्या पटीतच हवी, नाहीतर कुणाला एक थेट प्रश्न जास्त जातो. थेट उत्तराला १०, आधीच्या संघाला न आल्याने पास होऊन आलेल्याला ५. वेळ थेट संघाला ३० सेकंद, पुढच्या प्रत्येकाला फक्त ५. सगळ्यांना ३० दिलेत तर अडलेला एकच प्रश्न तीन मिनिटं खातो. ५ ठेवलेत तर पाऊण-एक मिनिटात संपतो.

पासमध्ये एक लपलेला अन्याय असतो. कच्च्या संघाच्या लगेच पुढे बसलेल्याला आयते बोनस मिळत राहतात. उपाय सोपा: पहिली फेरी डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, चाळणीच्या क्रमाने नव्हे.

बझर नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. मोबाइलवरचे बझर वापरू नका, हॉलमधल्या नेटवर्कमुळे कुणाचा दाब आधी पोहोचेल याचा भरवसा नाही. भाड्याने आणणार असाल तर पहिलं बटण दाबताच बाकीची पाच बंद पडतात असाच संच घ्या. नुसत्या सहा घंट्या आणल्या तर प्रत्येक प्रश्नाला ‘आधी आम्ही वाजवली’ होणार. माझ्या मते तुमच्यासाठी पाटीफेरी उत्तम: प्रश्न एक, सगळे संघ वीस सेकंदांत पाटीवर उत्तर लिहितात, ‘वर’ म्हटल्यावर एकदम पाट्या वर. बरोबर प्रत्येकाला १०, उणे गुण नाहीत. यात लाजाळू मूलही खेळतं, आणि मागच्या रांगेतून कुणी कुजबुजलं तरी फायदा एकाच संघाला होत नाही. तरी मंचासमोरच्या दोन रांगा रिकाम्या ठेवा.

प्रत्येक फेरीला तीन राखीव प्रश्न वेगळ्या पाकिटात. प्रेक्षकांतून कुणी उत्तर ओरडलं की तो प्रश्न बाद आणि राखीव बाहेर. आक्षेप फक्त संघाच्या कप्तानाने, पुढची फेरी सुरू होण्याआधी घ्यायचा.

परळच्या_बाई

पाटीफेरी नक्की. मुंबईवरचा एक नवा प्रश्न केला आहे, चालेल का बघा: ‘मुंबईला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या तलावांपैकी शहरात कोणते?’ – तुळशी, विहार.

वारसाप्रेमी_दादर

छान आहे, फक्त ‘शहरात’ऐवजी ‘महापालिकेच्या हद्दीत’ म्हणा. मुंबई शहर हा वेगळा जिल्हा आहे आणि हे दोन्ही तलाव उपनगर जिल्ह्यात येतात. ‘सात तलावांपैकी दोन’ असा आकडाही घाला, म्हणजे एकच नाव सांगून कुणी थांबणार नाही. बरीच मुलं पवई लिहितील. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरलं जात नाही, तेव्हा ते अग्राह्यच्या रकान्यात आधीच लिहून ठेवा. आणि ‘मोडकसागर’ व ‘लोअर वैतरणा’ ही एकाच तलावाची दोन नावं आहेत. सातही नावं विचारणार असाल तर कुणी दोन्ही लिहून सात पूर्ण केली नाहीत ना, हे तपासा.