‘ओव्हरकोट’ पुरा झाला नाही म्हणून नॉर्स्टीन आळशी?

उत्तररात्र

काल इथे रशियन ॲनिमेशनपट-दिग्दर्शक युरी नॉर्स्टीनवरच्या एका लेखात वाचलं: “युरी नॉर्स्टीनला 1981 पासून एक तासाभराचा सिनेमा पुरा करता आलेला नाही. आपल्याकडचा असता तर आळशी म्हणून हाकलला असता. रशियन आहे म्हणून तपस्वी.” हे वाचून इतका संताप आला की प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

आधी हाकलण्याचं बघू. त्याला हाकललंच होतं. फर्निचरच्या कारखान्यात काम केलेला हा मुलगा स्टुडिओचाच दोन वर्षांचा वर्ग करून 1961 मध्ये सोयूझमुल्तफिल्म या मॉस्कोच्या सरकारी ॲनिमेशन स्टुडिओत लागला. गोगोलच्या कथेवरच्या ‘ओव्हरकोट’ या त्याच रखडलेल्या सिनेमाची दहाच मिनिटं झाली होती, तेव्हा 1985 मध्ये त्याच स्टुडिओनं ‘फार सावकाश’ म्हणून त्याला घरी पाठवलं. त्या वेळी त्याच्या नावावर ‘धुक्यातला हेजहॉग’ (1975) आणि ‘कथांची कथा’ (1979) होते. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला जाणकारांनी ‘कथांची कथा’ला आजवरचा सर्वोत्तम ॲनिमेशनपट म्हटलं, आणि वर्षभरात माणूस रस्त्यावर!

आता ‘सावकाश’ म्हणजे काय? काचा एकावर एक, मध्ये अंतर, वर कॅमेरा. काचांवर कातरलेल्या चित्रांचे तुकडे: पापणी वेगळी, बोट वेगळं. ते चिमट्यानं केसभर सरकवायचे आणि एक चौकट टिपायची. हेजहॉगच्या सिनेमातलं ते धुकं कसं केलंय? चित्रावर अगदी पातळ कागद ठेवायचा आणि तो चौकटीगणिक थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलत न्यायचा. चित्र आपोआप विरत जातं. पांढरा घोडा त्या धुक्यात उभा दिसतो तेव्हा माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

‘ओव्हरकोट’चा अकाकी अकाकियेविच हा नकला उतरवणारा कारकून. आवडतं अक्षर आलं की लिहिताना त्याचे ओठ हलतात. गोगोलनं हे एका वाक्यात लिहिलंय. नॉर्स्टीनला ते चेहऱ्यावर आणायचंय. हे आळसाचं काम आहे का, ते सांगा.

पाटीपेन्सिल

मी अकरा वर्षं मुंबईत ॲनिमेशनमध्ये घालवली, तेव्हा काच आणि चिमटा मला समजावू नका.

बाहेरच्या मालिकांचं काम यायचं. शुक्रवारी शॉट गेला नाही की पैसे कापले. मुलीच्या बारशाला मी दुपारी तीनला पोचलो, पाळणा म्हणून झाला होता. आम्हालाही पापणी नीट करायची होती हो! पण पुढच्या टेबलावरचा माणूस माझ्या शॉटसाठी खोळंबलेला असायचा. काम पुरं करणं ही त्याच्याशी राखलेली माणुसकी असते.

‘कथांची कथा’ थोर आहे, वाद नाही. पण तो 29 मिनिटांचा सिनेमा पुरा झाला म्हणून थोर आहे. ‘ओव्हरकोट’चा कॅमेरामन अलेक्झांडर झुकोव्स्की 1999 मध्ये गेला. सिनेमा न बघता गेला. त्याच्या वर्षांचा हिशोब कोण देणार? आणि मनात आणलं तर जमतं, हेही दिसलंय. अनेक ॲनिमेटरांनी मिळून केलेल्या जपानच्या ‘हिवाळ्याचे दिवस’मधला (2003) आपला तुकडा त्यानं पुरा करून दिलाच ना?

उत्तररात्र

तो तुकडा दोनेक मिनिटांचा होता. त्याच्याशी तुलना करू नका. आणि झुकोव्स्की काही वेठबिगार नव्हता, तो आपखुशीनं बरोबर राहिला. तुमच्या मालकांनी तुम्हाला पिळलं याचा राग नॉर्स्टीनवर काढताय.

निवडुंग

दोघांचंही वाचलं. ‘त्यानं केलं’, ‘त्यानं नाही केलं’. अहो, चित्रं कुणी काढली? फ्रान्चेस्का यार्बुसोवा. त्याची बायको. हेजहॉग तिचा, ‘कथांची कथा’तला लांडगा तिचा, अकाकी तिचा. धागाकर्त्यांच्या एवढ्या लांबलचक लेखात तिचं नाव एकदाही नाही.

उत्तररात्र

विषय ‘ओव्हरकोट’ रखडण्याचा आहे. श्रेयनामावलीत कला-दिग्दर्शक म्हणून तिचं नाव स्वच्छ आहे, कुणी दडवलेलं नाही. कृपया धागा भरकटवू नका.

निवडुंग

भरकटवणार. कारण मी पेणची आहे.

आमचा गणपतीचा कारखाना. पाटीवर नाव बाबांचं. साचे, माती, सगळी उस्तवार बाबांची. डोळ्यांची आखणी मात्र आईची. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री दोनपर्यंत ती बारीक कुंचला घेऊन बसायची. आखणीच्या वेळी श्वास रोखायची, आम्हाला बोलायला बंदी. गिऱ्हाईक म्हणायचं, “भाऊंच्या मूर्तीचे डोळे बोलतात.” आई आत चहा टाकत असायची. बाबांनी कधी कुणाचं बोलणं दुरुस्त केलं नाही. वाईट नव्हते ते, सुचलंच नाही त्यांना. आईचे डोळे आता अधू झालेत, आणि पाटी अजून तीच आहे. म्हणून मला ‘श्रेयनामावलीत आहे ना’ सांगू नका!

जुनी_एसटी

मला वेगळंच खटकतं. रशियातलं काही आलं की आपल्याकडे गहिवर. लहानपणी स्वस्तात रशियन गोष्टींची पुस्तकं मिळाली, तो जिव्हाळा अजून उतरलेला नाही. तिथल्याच सोव्हिएत सरकारी यंत्रणेनं ‘कथांची कथा’चं मूळ नाव बदलायला लावलं. ‘करडं लांडगं येईल’ हे अंगाईतलं नाव चाललं नाही त्यांना. ते कुणी बोलत नाही.

पाटीपेन्सिल

बोलू या की. त्याच यंत्रणेनं पैसेही दिले. आम्हाला नाव बदला म्हणणारेही होते आणि पैसे बुडवणारेही.

पण निवडुंगताईंचा मुद्दा खरा आहे. लांडग्याच्या डोळ्यांची गोष्ट घ्या. नॉर्स्टीनला एका मासिकात फोटो सापडला: गळ्यात दगड बांधून बुडवलेलं मांजराचं पिल्लू, नुकतंच पाण्यातून काढलेलं. एक डोळा पेटलेला, दुसरा जवळजवळ विझलेला. तिथून लांडग्याची नजर आली. फोटो त्यानं शोधला, पण ती नजर कागदावर उतरवणारा हात तिचा. आमच्याकडेही कल्पना सांगणाऱ्याचं नाव व्हायचं आणि शंभर वेळा रेघ ओढणारा शेवटच्या पाटीत बारीक अक्षरात.

उत्तररात्र

मग ‘कथांची कथा’तला टँगोही बघा. दिव्याखाली जोडपी नाचतायत. संगीत अडखळतं आणि एकेक पुरुष नाहीसा होतो. बायकांचे हात तसेच रिकाम्या हवेला धरलेले. नॉर्स्टीनचा जन्म सप्टेंबर 1941 चा, युद्धामुळे घर सोडलेल्या आईच्या पोटी. बालपण मॉस्कोच्या मारिना रोशाच्या जुन्या घरात. ही आठवण त्याची आहे. ती रेखाटणाऱ्या हाताइतकीच आठवणही लागते.

निवडुंग

लागते. ‘इतकीच’ म्हणालात, तेवढंच मला हवं होतं. सुरुवातीच्या लेखात ते नव्हतं. शिवाय ‘ओव्हरकोट’ला चाळीसवर वर्षं लागली असतील, तर ती तिचीही वर्षं आहेत. तो तपस्वी की आळशी यावर तुम्ही भांडताय. तिनं त्या काळात दुसरं काय काढलं असतं, हे कुणी विचारलं का?

पाटीपेन्सिल

हे मी झुकोव्स्कीबद्दल म्हटलं तेव्हा मला गप्प केलं होतं.

उत्तररात्र

केलं होतं. ‘मालकांचा राग’ हे वाक्य मागे घेतो, ते बोलायला नको होतं. बारशाचं वाचून नंतर वाईट वाटलं. वरच्या लेखात ‘तो’च्या जागी ‘ती दोघं’ करायला संपादकांना कळवलंय, तिचं पूर्ण नावही घालतील. पण आळशी मी म्हणणार नाही. अकाकीचे ते ओठ एकदा बघा.

पाटीपेन्सिल

बघितलेत. जमले आहेत, कबूल. सिनेमा पुरा करायला हवा होता.