आधी अर्थ की आधी टाळ?

'आधी तत्त्वज्ञान समजून घ्या, नुसत्या आचारातून आयुष्याचा अर्थ सापडत नाही' असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. बऱ्याच जणांचा क्रम उलटा असतो. माझी आत्या चौथी शिकलेली. आतोबा गेले त्या वर्षी शेजारणीच्या आग्रहाखातर तिने माळ घातली आणि आळंदीहून दिंडीत चालायला लागली. हरिपाठ आधी पाठ झाला, अर्थ नंतर हळूहळू उमगला (काही अजून नाही, असं तीच हसत सांगते).

पण वारीचं विचारलं की ती विठ्ठलाइतकंच समाजआरतीबद्दल, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीबद्दल, बोलते. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी संध्याकाळी चोपदार (पालखीची शिस्त सांभाळणारा) हातातला दंड उंचावतो आणि सगळे टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते; चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणं ऐकतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा, आणि त्यानंतर आरती. म्हणजे देवाच्या आधी माणसाचं ऐकून घ्यायचं! हे पाहून पहिल्याच वर्षी तिला रडू फुटलं होतं. आमच्या घरात तेराव्यानंतर कुणी आतोबांचा विषयसुद्धा काढला नव्हता.