चार ओळींवरही बोलता येतं
'चार ओळींच्या एवढ्याशा कवितेवर काय बोलणार, छान म्हणून मोकळं व्हावं' असं कुणी म्हणतं, ते मला पटलं नाही. चार ओळींतली एक घसरली तरी पाव कविता गेली. यवतमाळकडच्या आमच्या गावात कविता दुसऱ्याने मोठ्याने वाचायची आणि कवीने खुलासे न देता ऐकायचं, अशी रीत आहे. वाचणारा अडखळला की तिथे पेन्सिलीची खूण.

एका पोराच्या कवितेत श्रावणातच कपाशीची बोंडं फुटली होती. आम्ही लयीवर बोलत बसलो, आणि कापूस वेचणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "बापू, श्रावनात पऱ्हाटीले पात्या-फुलंच रायतेत, बोंडं दसऱ्याकडं फुटतेत." (पऱ्हाटी म्हणजे कपाशी, पात्या म्हणजे तिच्या कळ्या.) पोराने श्रावण ठेवला, बोंडं काढली. पांढरट फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, ते त्या ओळीत आणलं. आधीपेक्षा कितीतरी सरस झाली कविता!