अंदाज धूसर असताना डोंगरावर मुक्कामाला निघावे का?

रानवाटा:
हवामानाच्या अंदाजात पाऊस दिसताच डोंगरावरचा मुक्काम रद्द करणाऱ्यांची धास्ती मला बरीचशी अनाठायी वाटते. तंबूच्या कापडावर वाजणारी साधी सरसुद्धा अंधारात मुसळधार भासते. पण दोऱ्या नीट ताणलेल्या असतील आणि बाहेरचे आवरण आतल्या कापडाला टेकत नसेल, तर चांगला तंबू रात्रभराचा पाऊस सहज सोसतो. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, म्हणून माथ्यावरच्या झोतांचा अंदाज पाहावा, धार आणि खिंड टाळावी आणि खुशाल निघावे.

कातळकडा:
वाऱ्याविषयी सहमत आहे, ‘खुशाल’शी मुळीच नाही. आडोसा शोधत माणूस खोलगट जागी उतरतो. तेथेच रात्री थंड हवा साचते आणि वर पाऊस झाला की ओढाही तेथेच फुगतो. शिवाय तंबू विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आलेली असते. अशा वेळी पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी, असे सांगतात. डोंगरावर ती कोठून आणायची? मध्यरात्री ओल्या कातळावरून उतरणेही तितकेच जोखमीचे असल्यामुळे निर्णय घरीच व्हायला हवा.

रानवाटा:
गडगडाटाचा अंदाज असेल तर मीही निघत नाही. मात्र आडोसा म्हणजे दरीचा तळ नव्हे. तळापासून थोडा वरचा, वाऱ्याकडे पाठ असलेला सपाट टप्पा पुरतो. रिमझिमीला घाबरून घरी बसणाऱ्याला तो ओळखायची सवय होणार कधी?

ओली माती:
सवय उजेडी, पायथ्याजवळ करावी. भिजण्याला तुम्ही फारच हलके लेखता आहात. तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही ओले कपडे आणि वारा एकत्र आले की शरीर धोकादायकरीत्या गार पडते, आणि दर १००० मीटर चढाईला हवा सुमारे ६.५ अंशांनी थंड होते, हे पायथ्याचा अंदाज वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की तिची ऊब संपली. त्यात कुडकुडणारा माणूस तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवतो. तेथे कार्बन मोनॉक्साइडचा धोका पावसाहून मोठा असतो. कोरड्या कपड्यांचा जोड जलरोधक पिशवीत नसेल आणि ओढा न ओलांडता खाली येणारी वाट ठाऊक नसेल, तर रिमझिमीचा अंदाजही मी पुरेसे कारण मानते.